निळ्या पानांचं अळू

निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात चार जणांनी उठून सांगितलं, की आता एखादा छंद लावून घ्या. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होतो. पाण्याशी माझा संबंध आयुष्यभर कागदापुरता राहिला, आणि छंदाशी तेवढाही नव्हता. आमच्या गावाकडं, म्हणजे पाटोद्याच्या पुढं डोंगरकडेला, निवृत्त माणूस दोनच कामं करतो. एक तर पारावर बसतो, नाहीतर घरातल्यांच्या कामात चुका काढतो. पारावर माझ्याआधी निवृत्त झालेल्यांनी जागा धरून ठेवलेल्या होत्या. राहिल्या घरातल्या. घरात बायको एकटीच, आणि तिच्या कामात चुका काढायला छाती लागते. ती गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष होती.

ही संस्था तिनं उभी केली तेव्हा मी नोकरीनिमित्त बीडला होतो, त्यामुळे त्यात माझा हात नाही, म्हणूनच ती चालली. संस्थेनं तालुका संघाकडून दूध थंड करायची मोठी टाकी मिळवली होती. गावात तिला सगळे कूलर म्हणतात. कूलर यायच्या आधी दूध टेम्पोनं पाटोद्याला जायचं आणि उन्हाळ्यात निम्मं वाटेतच फाटून परत यायचं. पेरलेलं उगवत नव्हतं अशा वर्षांत घराघरातली मीठमिरची त्या दुधावर यायची. म्हणून कूलर गावात असणं म्हणजे काय, हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारावं.

कूलर बसवायला जागा मिळाली ती आमच्या आळीत, विहाराच्या मागं. दुसरीकडं जागा मिळाली नाही असं नाही, पण फुकट कुणी दिली नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या गावाच्या बाया किटल्या घेऊन आमच्या आळीत यायला लागल्या आणि सगळ्या गावाचं दूध एकाच टाकीत पडायला लागलं. माझ्या आईच्या काळात आमचं दूध वेगळ्या भांड्यात वरून ओतून घ्यायचे. ती असती तर टाकीजवळ खुर्ची टाकून नुसती बघत बसली असती.

गावातल्या एका पुढाऱ्याला मात्र कूलर आपल्या रानातल्या रस्त्यावर पाहिजे होता. तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त गावातली प्रत्येक वस्तू स्वतःच्या जमिनीवर असलेली बरी वाटायची.

तर छंद. त्या वर्षी संघानं महिला अध्यक्षांना अभ्यास दौऱ्यावर नेलं, थेट हिमालयाच्या पायथ्याला. सोबत एकेक माणूस आणायची मुभा होती. सहकारात अभ्यास दौरा म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बायकांनी खरंच अभ्यास केला. गोठे बघितले, चारा बघितला, प्रश्न विचारून तिथल्या लोकांना हैराण केलं. आम्ही नवरे मागच्या बाकावर बसून सफरचंदांचे भाव विचारत होतो. मला तर एका सभेत व्यासपीठावर बोलावून 'अध्यक्ष मॅडमचे मिस्टर' म्हणून टोपी घातली. ती टोपी अजून घरात आहे, कडधान्य पाखडताना हिला उपयोगी पडते.

उतरलो होतो त्या विश्रामगृहाच्या मागं, उंच झाडांच्या सावलीत, एक झाड होतं. जमिनीलगत पसरलेलं, पानं आपल्या अळवासारखी, पण निळी. निळी म्हणजे आभाळासारखी नव्हे. द्राक्षाच्या मण्याला हात लागायच्या आधी त्याच्यावर जी धुरकट झाक असते ना, तशी. निळ्या रंगाचं आमच्या घरात वेगळं सांगायला नको. दारावर, झेंड्यावर, हिच्या ठेवणीतल्या साडीवर, सगळीकडं निळा. पण पानच निळं? मी तिथंच बसलो. आणि मनात आलं, की बुद्धपौर्णिमेला विहाराच्या पायरीवर अशा दोन कुंड्या असल्या तर!

माळ्याला विचारलं. तो म्हणाला, "होस्टा है साहब. इसको धूप नहीं चाहिए, पानी चाहिए, और जाड़े में ठंडा सोना चाहिए."

मी म्हणालो, "हमारे याँ धूप छोड के कुछ मिलताच नै."

तो हसला आणि तीन गड्डे खणून दिले. बहुतेक त्याला वाटलं असेल, की हे मरणारच आहेत तर देऊन टाकू. बायकोनं मला त्या गावात एकच काम सांगितलं होतं, दोन शाली घ्यायचं. मी गड्डे घेऊन आलो.

"शाली?"

"ह्याला निळी पानं येतात."

"अंगावर पांघरता येतात का?"

परतीच्या रेल्वेत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. तिला तीन राज्यं पार करावी लागली, मग बोलली.

घरी आलो तर थंडीचे दिवस. आमच्या थंडीत माणसाला स्वेटर लागतो, पण गड्ड्याला झोप लागत नाही. त्याला खरी थंडी पाहिजे. मी डोकं चालवलं. गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात खाली लपवले. सांगितलं कुणालाच नाही, कारण शालींचं प्रकरण ताजं होतं. माझा हिशोब असा, की संक्रांत होऊन थोडं ऊन वाढलं की काढू, तोवर त्यांना वाटेल आपण हिमालयातच आहोत.

एका सकाळी चहा प्यायलो. नेहमीचाच चहा, जरा मातकट लागला. हिनं पण एक घोट घेतला आणि कपाकडं बघितलं.

"ओ, हे आलं कुठून आणलं तुमी? ना वास हाय, ना झणका. एक गड्डा सगळा ठेचून घातला तरी काय न्हाई."

मी धावत फ्रिज उघडला. गोणपाटात दोन राहिले होते.

तिसरा मी प्यायलो होतो. दोन कप.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी पोटावर हात ठेवून बसलो. विष असतं तर? हिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मरायच्या आत दळण टाकून या." दोघंही मेलो नाही. ही गोष्ट पुढं कामाला आली, म्हणून सांगून ठेवली.

थंडी सरली. आता राहिलेले दोन गड्डे लावायचे कुठं? आमच्या अंगणात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. मी पुन्हा डोकं चालवलं. गावात सगळ्यात थंड जागा कुठली? कूलरची खोली. मग कूलर जिथून घुर्र करतो तिथंच, खोलीच्या मागच्या भिंतीला लावले तर थंडावाच थंडावा. मोठ्या प्रेमानं आळं केलं, शेणखत घातलं, गड्डे पुरले. कोंब वर आले. आणि चार दिवसांत कडांनी करपून पापडासारखे झाले.

हिनं येऊन नुसता हात पुढं केला. "इथं हात धरा."

मी धरला. भाजला. कूलरच्या मागच्या पंख्यातून तव्यासारखी गरम हवा येत होती. दुधातली सगळी गरमी तो पंखा बाहेर फेकत होता आणि मी माझा हिमालय बरोबर त्याच्या तोंडाशी लावला होता.

"घरचा फ्रिज मागून कसा तापतो बघितला न्हाई का कधी?"

"फ्रिजच्या मागं मी कशाला जाऊ?"

"तेच. तुमी फ्रिजच्या पुढंच राहता."

मग गड्डे काढून खोलीच्या दुसऱ्या अंगाला नेले. तिथं उत्तरेची भिंत, वर जुना लिंब, ऊन असं कधी पडायचंच नाही. आणि बाया दुधाच्या किटल्या आणि कॅन विसळायच्या ते पाणी तिथूनच वाहायचं. त्या साली पाऊस नावालाच झाला होता. विहिरी तळाला गेल्या, माघ संपता संपता टँकर सुरू झाला, फाल्गुनात जनावरांची छावणी पडली. संस्थेला भांडी धुवायला टँकरमधून वेगळं पाणी मिळायचं, आणि अध्यक्षांनी त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली होती. एक तांब्या इकडचा तिकडं होत नव्हता. पण विसळून खाली गेलेलं पाणी, दुधाचा धुवट वास असलेलं, ते कुणाच्या कामाचं नव्हतं. गावात घरोघरी मोरीच्या तोंडाशी अळू असतं, ते ज्या पाण्यावर जगतं तसलंच ते पाणी.

त्या पाण्यावर माझे गड्डे जगले. नुसते जगले नाहीत, पानं फुटली, उलगडली आणि चैत्र लागायच्या आत दोन्ही आळी भरली. आणि पानं निळी! सगळं गाव मातीच्या रंगाचं झालेलं. झाडं, जनावरं, माणसांचे सदरे, सगळं एकाच रंगाचं. त्यात खोलीच्या आडोशाला ती दोन निळी आळी. मी रोज सकाळी तिथं उकिडवा बसायला लागलो. किटल्या विसळणाऱ्या बाया आधी हसल्या, मग सवय झाली, मग मला ओलांडून पाणी फेकायला लागल्या.

आता झाड लावलं आणि सांगितलं नाही, तर लावलं कशाला? एवढाच माझा दोष. माझा एक दोस्त आहे, एस.टी.त कंडक्टर होता. आम्ही दोघं हॉटेलात चहाला बसलो होतो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि तीन बाकं.

"काय बे," तो म्हणाला, "त्या कूलरच्या मागं काय लपवलंस? लई वाकून वाकून बसतोस म्हणे."

"झाड हाय. निळ्या पानाचं."

"निळ्या पानाचं! उद्या म्हणशील हिरव्या दुधाची म्हैस आणली."

"येऊन बघ की. हिमालयातलं हाय. असलं आख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं न्हाई."

"आन् पाणी? इथं माणसाला दोन दिवसांनी हांडा मिळायलाय, तुझ्या हिमालयाला कोण पाजतं?"

इथं मी म्हणायला पाहिजे होतं, की किटल्या विसळलेलं पाणी. पण आख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही असं सांगितल्यावर लगेच पुढच्या वाक्यात विसळलेलं पाणी कसं आणायचं? जीभच वळेना.

"दूध संस्थेचं पाणी हाय," मी म्हणालो. "रोज. आपल्याला काय कमी?"

मागच्या बाकावर वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. तो पुढारी तिथं बसला होता. मी वळून त्याला रामराम केला. त्यानं फार प्रेमानं घेतला.

आठ दिवसांत संघाकडून फोन आला. तक्रार गेली होती, की गावात जनावरांना प्यायला पाणी नाही आणि अध्यक्ष बाईंचे यजमान टँकरच्या पाण्यावर निळ्या रंगाची परदेशी बाग फुलवतात. संघाचे साहेब मंगळवारी स्वतः बघायला येणार होते. तक्रार खरी निघाली तर संस्थेचं पाणी बंद, आणि पाणी नाही तिथं कूलर ठेवून करायचं काय? तो पुढाऱ्याच्या रस्त्यावर न्यायचा. तिकडं बोअरला पाणी होतं.

हिनं फोन ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नंतर म्हणाली, "उपटा ते."

"अगं, पण आपण टँकरचं पाणी कुठं घातलंय? विसळलेलंच तर..."

"ते मला माहीत हाय. तुमाला माहीत हाय. हॉटेलात सांगितलं का?"

"न्हाई."

"कावून न्हाई सांगितलं?"

"ते... बरं दिसलं नसतं."

"मग आता हे बरं दिसतंय का? कूलर गेला तर ह्या बाया उद्यापासून त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहतील. आपल्या आळीतल्यांचं दूध तिथं कसं घेतील, आधी की मागून, हे मला सांगायला लावू नका. उपटा."

मी म्हणालो, उपटतो. आणि मनापासून म्हणालो. पण मंगळवारी सकाळी लवकर खुरपं घेऊन गेलो, उकिडवा बसलो आणि हात होईना. मग माझ्या डोक्यात तो विचार आला, जो माझ्याच डोक्यात येऊ शकतो. साहेब काय, माणूसच आहे. त्यानं असलं निळं पान जन्मात बघितलं नसणार. मी हिमालयात बघितलं तेव्हा शाली विसरलो होतो, तर तो तक्रार विसरणार नाही का? फक्त झाड नीट दिसलं पाहिजे. आणि झाड नीट दिसत नव्हतं. वरून लिंबाचा फुलोरा पडलेला, रस्त्याची धूळ बसलेली, आणि पानांवर कसलीशी पांढरट भुकटी. मला वाटलं, किटल्या धुवायचा सोडा उडाला असावा.

मी घरातून फडकं आणलं. ओलं केलं आणि एकेक पान धरून पुसलं. खालून, वरून. भुकटी निघता निघेना, मग जोर लावून घासलं. पानं स्वच्छ झाली, पण चमकेनात. आमच्या वडिलांकडं बैल होते तेव्हा पोळ्याला शिंगांना तेल लावून चमकवायचं काम माझ्याकडं असायचं, ते हातांनी आठवलं. स्वयंपाकघरातून वाटीभर गोडंतेल आणलं आणि बोटानं पानापानाला लावलं. लावता लावता थोडं लांब जाऊन बघितलं.

निळा गेला होता.

सगळी पानं हिरवी. गर्द हिरवी, तुकतुकीत, साधी. ती भुकटी म्हणजे सोडा नव्हता. ती भुकटी म्हणजेच निळा होता. द्राक्षाला हात लावल्यावर होतं तेच झालं होतं, आणि मी तर फडक्यानं घासून काढला होता. हिमालयापासून जपत आणलेला रंग माझ्या हातातल्या फडक्यावर मळासारखा बसला होता. मी ते फडकं तसंच हातात धरून बसून राहिलो.

तेवढ्यात जीपचा आवाज आला.

साहेब उतरले. धर्मापुरीकडचे होते, वयस्क, उन्हानं वैतागलेले. त्यांच्यासोबत पुढारी. मागून माझा दोस्त कंडक्टर, कारण गावात काहीही फुकट बघायला मिळणार असलं की तो असतोच. हिनं साहेबांना आधी खोलीत नेलं. टाकी दाखवली, पाण्याची टाकी दाखवली, किटल्या विसळायची जागा दाखवली. विसळलेलं पाणी कुठं जातं तेही दाखवलं. लपवण्यासारखं तिच्याकडं काहीच नव्हतं, ते सगळं माझ्याकडं होतं.

मग सगळे उत्तरेच्या भिंतीकडं आले. हिनं बघितलं, की मी उपटलेलं नाही. तिचा चेहरा बदलला. मग तिनं पानं बघितली आणि तिचा चेहरा आणखी एकदा बदलला.

"हे काय?" साहेब म्हणाले. "निळी बाग कुठं आहे?"

पुढारी पुढं आला. "हीच, हीच साहेब. निळ्या पानाची."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "हे निळं आहे?"

"निळं होतं साहेब. सगळं गाव बोलतंय."

"तुम्ही बघितलं होतं?"

इथं पुढारी अडकला. तो आमच्या आळीत मतं मागायला सोडून कधी आला नव्हता. झाड त्यानं ऐकलंच होतं.

"म्हंजे... ह्यांनीच सांगितलं की हॉटेलात," त्यानं माझ्याकडं बोट केलं. "विचारा त्यांनाच."

साहेब माझ्याकडं वळले. माझ्या एका हातात फडकं, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. "काय हो, हे कसलं झाड आहे?"

आता खरं सांगतो, माझ्या तोंडात त्याचं नाव आलं होतं. जिभेच्या टोकावर. इतके महिने जे झाड मी फ्रिजमध्ये झोपवलं, पंख्यापासून वाचवलं, ज्याच्यासारखं आख्ख्या जिल्ह्यात नाही, त्याच्याविषयी एक शिकलेला माणूस मला पहिल्यांदा विचारत होता. आणि बघणारे सगळे समोर उभे. मी हिच्याकडं बघितलं. ती मला डोळ्यांनी दटावत नव्हती. दटावलं असतं तर मी बहुतेक बोललो असतो, स्वभावच तसा. ती खोलीच्या दाराकडं बघत होती. तिथं दोन बाया रिकाम्या किटल्या घेऊन थांबल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"अळू," मी म्हणालो.

"काय?"

"अळू हाय साहेब. मोरीवरचं."

कंडक्टरला ठसका लागला. साहेबांनी वाकून पान उलटं करून बघितलं. "मला पण तेच वाटलं. आणि पाणी हे विसळलेलंच ना? आमच्या घरी पण मोरीवर आहे." मग पुढाऱ्याकडं बघून म्हणाले, "अहो, अळवासाठी मला एवढ्या उन्हातून आणलंत?"

प्रकरण इथं मिटलं असतं. पण हिचं मिटत नव्हतं. ती म्हणाली, "आलातच साहेब, तर खाऊन जावा. वड्या करते. कोवळं हाय पान."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं न बघता खाली बसली आणि माझ्याच खुरप्यानं एकेक पान देठातून कापायला लागली. मोठी मोठी, चांगली चांगली. माझ्या डोळ्यांदेखत.

"तेल लावलेलंच हाय वाटतं," ती म्हणाली. "बरं झालं, काम वाचलं."

आत आल्यावर मी हळूच विचारलं, "अगं, वड्या करतात का ह्याच्या?"

"चहा प्यायलो तेव्हा मेलो का?"

बेसन, चिंच, गूळ, तीळ. उंडे वाफवले, कापले, तळले. साहेबांनी जेवढ्या पुढं ठेवल्या तेवढ्या खाल्ल्या. कंडक्टरनं न ठेवलेल्यापण खाल्ल्या. पुढारी आमच्या ओट्यावर अवघडून बसला होता. म्हणाला, "माझा मंगळवार असतो."

ही म्हणाली, "उपासाला चहा चालतो की." आणि कप त्याच्या हातातच दिला. सगळ्यांसमोर काय करणार? त्यानं घेतला, प्यायला. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा त्यानं आमच्या घरात काही तोंडाला लावलं असेल. चहात आलं खरं होतं.

मला पण हिनं बशी दिली. मी दोन वड्या खाल्ल्या. बऱ्या होत्या. माझ्या झाडाबद्दल मला त्याहून जास्त बोलता येणार नाही.

साहेब हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, घशाला जराही खाजलं नाही हो. आमचं अळू फार खाजरं आहे. हे बेणं कुठलं?"

"ह्यांनी आणलंय," ही म्हणाली, "दौऱ्यावरून." हे अगदी खरं होतं.

"मग एक गड्डा द्या की मला."

त्यांना नाही कोण म्हणणार? मीच खणून दिला. दोनातला एक. ओल्या गोणपाटात बांधला, जीपमध्ये पायाशी ठेवला आणि सांगितलं, "सावलीत लावा. पाणी लागतं." आणखी पुष्कळ सांगायचं होतं. जीप निघाली.

कूलर राहिला. दूध त्या उन्हाळ्यात इतकं आटलं, की टाकीच्या तळाशीच दिसायचं, पण राहिला. राहिलेला दुसरा गड्डा बिनपानाचा, तसाच जमिनीत होता. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या पायरीवर ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून मी रिकाम्या किटल्या घासून ठेवल्या. त्या तेलाशिवायच चमकल्या.

पुढच्या साली साहेबांचा फोन आला. मीच उचलला.

"अहो, तुमच्या त्या अळवाला काहीतरी रोग पडलाय," ते म्हणाले. "नवीन पानं सगळी निळी निघायलीत. वर कसलीतरी भुकटी आहे. आमच्या मंडळी म्हणतात उपटून टाकू. काही औषध आहे का ह्याच्यावर?"

मी फोनवर हात ठेवला आणि हिला सांगितलं. माझा आवाज बदलला असावा, कारण तिनं हातातलं काम थांबवलं. झाडाचं खरं नाव पुन्हा एकदा जिभेवर आलं होतं. तिनं मान हलवली, म्हणजे नाही. म्हणजे अजूनही नाही.

"सांगा," ती म्हणाली, "ओल्या फडक्यानं पुसा, जातं. वरून गोडंतेल लावा."

मी तसं सांगितलं. साहेबांनी आभार मानले.

"आन् म्हणावं," मागून ही ओरडली, "रोग पसरायच्या आत वड्या करून खावा."